होमर कबुतरांच्या पिल्लांची शीट पाण्यासारखी, एका मादीची मान फिरतीये, सीझन तोंडावर आलाय, काय करू?

कसब्यातला_होमर

नमस्कार मंडळी. कसबा पेठेत जुन्या वाड्याच्या गच्चीवर आमचं लॉफ्ट म्हणजे कबुतरखाना आहे, सगळे होमर, शर्यतीत लांबून घरी परतणारे. ह्या वर्षीची पिल्लं छान भरलेली होती, गणपतीनंतर शिरवळपर्यंत टॉस दिले, म्हणजे सरावाला लांब नेऊन सोडलं, तेव्हा सगळी झुंडीने वेळेत परत यायची. परतीचा पाऊस लागला आणि तिथून बिघडत गेलं. आधी काही पिल्लांची शीट पातळ झाली, वाटलं पावसाने दाणा ओला झाला असेल, मग एक पिल्लू सारखं घसा झटकायला लागलं, आणि परवापासून एक निळी मादी दाणा टिपायला जाते तर चोच दाण्याच्या बाजूलाच पडते. उचलला तरी मान मागे टाकून फेकून देते. काल संध्याकाळी तिची मान पूर्ण तिरकी झाली, मी जवळ गेलो की अजून वळते, शांत बसली की जरा सरळ होते.

दुकानात गेलो तर त्यांनी फोर-इन-वन पावडर दिली, कॅन्कर (घशातला परजीवी), कॉक्सी (आतड्यातला परजीवी), सर्दी, जुलाब सगळ्यावर एकच, पाण्यात टाका म्हणाले. पुडी अजून फोडलेली नाही. डिसेंबरात रेस चालू होतात आणि ही पिल्लं जिवापाड वाढवलीत हो, आईने स्वतःच्या हाताने भिजवलेले हरभरे भरवून दोन अनाथ पिल्लं जगवलीत त्यातली एक ही मादी आहे. नीट सांगा, काय आधी करू?

खडकी_लॉफ्ट

रानीखेत आहे, मान फिरवणारा विषाणूचा रोग. मादीला आत्ताच्या आत्ता वेगळं कर, दुसऱ्या मजल्यावर, वेगळी भांडी, तिचं झालं की हात धुवूनच बाकीच्यांकडे जा. टॉस बंद, सगळे.

हडपसरचा_पट्ठा

भाऊ घाबरू नको, आमच्याकडे मागच्या साली असंच झालेलं. पावडर चालू कर, सोबत डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, अँटिबायोटिक) दे. आम्ही तर प्रत्येक रेसच्या आधी डॉक्सी आणि मेट्रो (मेट्रोनिडाझोल, कॅन्करचं औषध) देतोच, प्रॉब्लेम येऊच द्यायचा नाही. गरम पाण्यात लसूण पण टाक.

दापोडीचे_काका

पट्ठ्या, जरा थांब रे. त्याला आधी बघू दे काय झालंय ते, मग औषध. तीन वेगळ्या तक्रारी सांगितल्यात त्याने, तिन्हीचं कारण एकच असेल असं नाही.

कसबेकर, एक काम करा. आज रात्री आजारी पक्षी एकेकटे पिंजऱ्यात ठेवा आणि खाली पांढरा कोरा कागद टाका, वर्तमानपत्र नको, छपाईवर रंग कळत नाही. सकाळी उजेडात बघा. चांगल्या कबुतराची शीट छोटी, घट्ट, तपकिरी आणि वर पांढरी टोपी, बऱ्याचदा तिला एखादं बारीक पीस चिकटलेलं असतं. तुमची जी पाण्यासारखी म्हणताय ती दोन प्रकारची असते आणि ह्यातच सगळी मेख आहे. कागदावर स्वच्छ पाण्याचं मोठं वर्तुळ आणि मधोमध बारीक पण घट्ट हिरवी-तपकिरी दोरी असेल तर आतडं ठीक आहे, ते पाणी किडनीकडून येतंय, रानीखेतमध्ये असंच होतं आणि पक्षी पाणीही भरमसाट पितो. आणि सगळंच एकत्र कालवलेलं, हिरवं, चिकट, फेस असलेलं, वास मारणारं आलं तर आतड्याचं दुखणं, मग कॉक्सी, जंत, पॅराटायफॉइड हे बघायचं.

मग घसा. पिल्लू उताणं न करता मांडीवर धरा, चोच दोन बोटांनी उघडा, मोबाईलचा टॉर्च मारा. जिभेच्या मागे, टाळूच्या फटीच्या कडेला पिवळट पनीरसारखा थर दिसला की कॅन्कर. तो थर काडीने खरवडायचा नाही, खाली रक्तवाहिन्या असतात, रक्त सुटलं की पिल्लू हातातच जातं. काही न दिसता नुसती चिकट लाळ दोरीसारखी ताणली गेली तरी संशय घ्या.

मग छातीचं हाड. वजन उतरलंय का ते बोटाला लगेच कळतं. हे सगळं लिहून ठेवा, पायातल्या रिंग नंबरासकट. वहीत हवं, डोक्यात राहत नाही.

कसब्यातला_होमर

काका धन्यवाद, रात्री करतो. मादी आणि घसा झटकणारं पिल्लू दोघांना वेगळं केलंय. पावडर बाजूला ठेवली.

गच्चीवाली

आमच्या धायरीच्या लॉफ्टवर आत्ता पिल्लांना देवी आलीये म्हणून हा धागा बघतीये. चोचीच्या मुळाशी, डोळ्याच्या कडेला आणि पायावर मस्से आलेत. पाऊस थांबला की इथे डासांचा नुसता धुमाकूळ असतो, मागे ओढा आहे. कसबेकर, तुमच्याकडे तसं काही नाही ना?

कसब्यातला_होमर

मस्से नाहीत ताई. पण डास आहेत भरपूर, नदी जवळ.

डॉ_पिसारा

मी पक्ष्यांचं काम करते, कबुतरं बऱ्यापैकी बघितलीत, म्हणून लिहिते. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही हे धरूनच वाचा.

कसबेकर, तुम्ही मादीचं जे वर्णन केलंय, दाणा चुकणं, मान फिरणं, जवळ गेल्यावर जास्त होणं, ते कबुतरांच्या पॅरामिक्सोव्हायरसचं अगदी ठरलेलं चित्र आहे. हा कोंबड्यांच्या रानीखेतच्या विषाणूचाच कबुतरांना जुळवून घेतलेला भाऊबंद, म्हणून आपल्याकडे सगळे रानीखेतच म्हणतात. रानीखेत हे कुमाऊंमधलं गाव, भारतात हा कोंबड्यांचा रोग १९२७ मध्ये तिथून नोंदला गेला म्हणून ते नाव. कबुतरांचा प्रकार मात्र बराच नंतरचा, १९७० च्या दशकाच्या शेवटी मध्यपूर्वेत दिसला आणि ८० च्या दशकात युरोपभर रेसिंगच्या लॉफ्टमधून पसरला, कारण रेसच्या पेट्यांमध्ये वेगवेगळ्या लॉफ्टची कबुतरं एकत्र येतात, एकच पाणी पितात.

पण मान फिरली म्हणजे रानीखेतच, असं मात्र नाही. पॅराटायफॉइड म्हणजे साल्मोनेला, तोही कधीकधी मेंदूपर्यंत जातो आणि मान फिरवतो. फरक असा की साल्मोनेलामध्ये पंखाचं कोपर किंवा पायाचा सांधा सुजतो, पंख लोंबतो, पक्षी झपाट्याने वाळतो, घरट्यात अंड्यातच पिल्लं मरतात. रानीखेतमध्ये एका आठवड्याच्या आत एकाच वेळी अनेकांना पाणी सुटतं आणि मग काहींच्या मानेवर जातं. दोन्ही एकत्रही असू शकतात. म्हणून आधी सांधे चाचपा.

रानीखेत विषाणूचा आजार आहे, त्याच्यावर कुठलंही अँटिबायोटिक चालत नाही. डॉक्सीही नाही आणि ती फोर-इन-वनही नाही. शुश्रूषा हेच औषध. खोल भांड्यात दाणा द्या, चार-पाच बोटं भरून, म्हणजे चोच कुठेही पडली तरी दाणा मिळतो, पसरट ताटलीत टिपताच येत नाही. तरी खात नसेल तर भिजवलेला वाटाणा किंवा हरभरा एकेक करून भरवायचा, तुमच्या आईंना ते येतंच. इलेक्ट्रॉल पाण्यात, जागा अंधारी, शांत, गोंगाट नको. अशी नीट खाऊपिऊ घातलेली बरीच कबुतरं काही आठवड्यांत सावरतात, काहींची मान दचकल्यावर थोडी वळत राहते. मारून टाकायची घाई करू नका. मात्र विष्ठेतून विषाणू बरेच आठवडे पडत राहतो, तिला निदान दीड महिना वेगळंच ठेवा.

हडपसरचा_पट्ठा

ताई, पण आमच्याकडे डॉक्सीने फरक पडला होता ना. दोन आठवड्यात सगळे सरळ झाले.

डॉ_पिसारा

दोन आठवड्यात बरेच पक्षी औषधाशिवायही सुधारतात. औषध चालू होतं म्हणून श्रेय औषधाला गेलं. दर रेसच्या आधी डॉक्सी देण्याबद्दल मला काळजी वाटते म्हणून स्पष्ट लिहिते. आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, तिथे कॅन्डिडा म्हणजे यीस्ट वाढतं, क्रॉपमधून, म्हणजे गळ्यातल्या दाण्याच्या पिशवीतून, आंबट वास येतो, पक्षी जड उडतो. आणि खरी गरज पडेल त्या दिवशी औषध काम करत नाही. मेट्रोनिडाझोल अर्धवट डोसमध्ये सारखं दिलं की कॅन्करचे जीव त्याला दाद देत नाहीत, हे जगभर लॉफ्टमध्ये दिसलंय.

अजून एक, डॉक्सी देत असाल तेव्हा ग्रिट म्हणजे बारीक खडे, शिंपल्याचा चुरा, कॅल्शियम सगळं काढून ठेवायला लागतं. कॅल्शियम त्याला बांधून टाकतं, औषध पोटात जातं पण रक्तात जातच नाही. किती जण काढतात?

दापोडीचे_काका

हे एकदम बरोबर. आणि पाण्यातल्या औषधाचं गणितही कोणी धरत नाही. कबुतर दिवसाला साधारण ५० मिली पाणी पितं, थंडीत कमी, ऑक्टोबरच्या उन्हात जास्त, पिल्लं भरवणारी जोडी त्याहून जास्त. रानीखेतचा पक्षी तर सतत पितो, म्हणजे आजाऱ्याला डबल डोस आणि तगड्याला अर्धा.

कोंढवा_रेसर

माझा एक प्रश्न, विषय जवळचाच आहे. माझे मोठे नर उडायला दमतात, टॉसवरून उशिरा येतात, चोच उघडी ठेवून धापा टाकतात, शीट मात्र चांगली. अंगावर चपट्या माश्या आहेत त्या पिसातून तिरक्या पळतात, पकडायला गेलं की दुसऱ्या बाजूला. त्याचा संबंध असेल का?

डॉ_पिसारा

नक्की असू शकतो. ती कबुतरमाशी, तिच्यामुळेच हिमोप्रोटियस हा रक्तातला परजीवी पसरतो, लोक त्याला कबुतरांचा मलेरिया म्हणतात. रक्ताचा एक थेंब काचेवर पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की लाल पेशीत दिसतो. बऱ्याच कबुतरांच्या रक्तात थोडा असतोच आणि त्याने फारसं बिघडत नाही, पण प्रमाण वाढलं तर लांब पल्ल्याचा पक्षी दमतो.

आधी माशी मारा, गोळ्या नंतर. ती अंडी घालत नाही, पूर्ण वाढलेली अळीच टाकते आणि तिचा लगेच मोहरीएवढा काळा कोष होतो. घरट्याच्या वाट्या उचलून बघा, खालच्या धुळीत, लाकडाच्या फटीत सापडतील. दर तीन आठवड्यांनी ती धूळ गोळा करून जाळली तर नवीन माशी बाहेरच येत नाही. पक्ष्यांवर परमेथ्रिनची पावडर, लॉफ्टच्या भिंतींना वेगळा स्प्रे. डोळ्यात आणि पिल्लांच्या घरट्यात जाऊ देऊ नका.

कोंढवा_रेसर

आत्ता जाऊन वाट्या उचलल्या. आहेत. भरपूर आहेत. फोटो टाकतो.

गच्चीवाली

देवीबद्दल पण सांगा ना. हळद आणि खोबरेल लावतीये.

डॉ_पिसारा

पायावरच्या आणि चोचीवरच्या मस्शांना तीन-चार आठवडे लागतात, खपली स्वतःहून पडू द्या. ओढून काढू नका, खपलीत विषाणू जिवंत राहतो. हळद-खोबरेलाने नुकसान नाही, पण विषाणू त्याने जात नाही. घशात पिवळे डाग आले असतील तर ते कॅन्करसारखेच दिसतात आणि मेट्रोनिडाझोलने हलत नाहीत, पक्षी खायचा बंद होतो, तेव्हा हाताने भरवायला लागतं. जखम चिघळली तरच अँटिबायोटिक. बाकी जाळी. बारीक डासाची जाळी संध्याकाळी पूर्ण लॉफ्टवर, आणि गच्चीवरच्या ड्रमातलं साठलेलं पाणी झाका, आपल्या डेंग्यूसाठीही ते करायलाच हवं.

कसब्यातला_होमर

सकाळचं सांगतो. मादीच्या कागदावर अगदी काकांनी सांगितलं तसंच, पाण्याचं मोठं वर्तुळ आणि मध्ये बारीक घट्ट दोरी. अजून काही पिल्लांची पण तशीच. सांधे सगळ्यांचे चाचपले, सूज नाही कुणाला. घसा झटकणाऱ्या पिल्लाच्या जिभेमागे डाव्या बाजूला पिवळा गोळा आहे, वाटाण्याच्या निम्मा असेल, तोंडाला घाण वास. आणि तिसरं म्हणजे खालच्या कप्प्यातली चार पिल्लं, त्यांची शीट हिरवी, चिकट, सगळी कालवलेली, छाती बारीक झालीये. तो कप्पा उत्तरेचा, पाऊस तिथेच आत येतो, फळ्या अजून ओल्या आहेत.

दापोडीचे_काका

बघा, एकाच लॉफ्टात तीन आजार. पावडर टाकली असती तर कळलं नसतं कुठला कुठे होता.

तो ओला कप्पा आजच्या आज रिकामा करा. कॉक्सीचं बीज विष्ठेतून बाहेर पडतं तेव्हा लगेच लागण करत नाही, त्याला ऊब आणि ओलावा लागतो पिकायला. कोरड्यात ते पिकत नाही. म्हणून पुण्यात मे महिन्यात कॉक्सी फारसा त्रास देत नाही आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर पिल्लं झोपवतो. फिनाईलने ते बीज मरत नाही हे लक्षात ठेवा, कितीही ओता. खरवडा, वाळवा, मग ब्लोटॉर्च फळीवर सावकाश फिरवा. पक्षी बाहेर काढून, आणि जुनं लाकूड आहे तर पाण्याची बादली जवळ ठेवून. पत्र्याचं छप्पर उत्तरेला हातभर पुढे काढा, नाहीतर पुढच्या पावसात परत हेच.

डॉ_पिसारा

आणि त्या चार पिल्लांची ताजी विष्ठा छोट्या डबीत घेऊन तपासणी करा. औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, आधी फोन करून काय आणि कसं आणायचं ते विचारा, किंवा जवळच्या पक्ष्यांच्या डॉक्टरकडे सूक्ष्मदर्शक असेल तर तिथे. कॉक्सी आणि जंतांची अंडी तिथल्या तिथे दिसतात. साल्मोनेलासाठी मात्र कल्चर लावायला लागतं आणि एका दिवसाच्या नमुन्यावर भरवसा नसतो कारण पक्षी तो रोज टाकत नाही, पाच दिवसांची विष्ठा एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवून द्या. खाण्याच्या फ्रिजमध्ये नको.

कॉक्सी निघाला तर अँप्रोलियम पोल्ट्रीच्या दुकानात मिळतं, पाच दिवस, प्रमाण डॉक्टरांना विचारून. ते काम करतं बी-वन जीवनसत्त्वाची नक्कल करून, तेव्हा त्या पाच दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका, औषधाचा जोर निघून जातो. कोर्स संपल्यावर मात्र द्या. जंत निघाले तर एक गोष्ट ठामपणे सांगते, अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल कबुतरांना देऊ नका. शेळ्या-कुत्र्यांना चालतं म्हणून मेडिकलवाले सहज हातात देतात, पण कबुतरांमध्ये त्याने बोन मॅरो दबते, पक्षी मरतात, आणि पिसं येत असताना दिलं तर पीस चुरगळलेलं येतं. लेव्हामिसोलने उलटी होते म्हणून ते उपाशीपोटी देतात, पण कबुतरांना त्यातल्या त्यात तेच बरं.

घशात गोळा असलेल्या पिल्लाला पाण्यातून नाही, थेट तोंडातून औषध. कार्निडाझोलची गोळी मिळाली तर मोठ्याला १० मिलीग्रॅम एकदाच, लहान पिल्लाला ५. नाही मिळाली तर मेट्रोनिडाझोल वजन करून. होमर ४००-४५० ग्रॅमचा, त्यात पिल्लू त्याहून हलकं, आणि माणसाची गोळी ४०० मिलीग्रॅमची असते, अंदाजाने तुकडा मोडून दिला तर जास्त होतं आणि जास्त मेट्रोनिडाझोलनेही पक्षी झोकांड्या खातो, मान वळवतो. तुमच्याकडे आधीच रानीखेत आहे, मग कळणारच नाही कशाने झालं. किचनचा वजनकाटा वापरा.

कॅन्कर आईबाप क्रॉपमधून पिल्लांना भरवतात त्या दुधातून आणि सामाईक पाण्यातून येतो. बहुतेक मोठ्या कबुतरांच्या घशात तो गुपचूप असतो, अंग खचलं की उफाळतो. रानीखेतने खचवलं, त्याने डोकं वर काढलं.

सदाशिव_टिपलर

पाण्यात व्हिनेगर टाकतो मी, लिटरला एक चमचा, कॅन्कर दबून राहतो असा अनुभव आहे. कसं वाटतं?

दापोडीचे_काका

पाणी थोडं आंबट झालं तर त्या जिवाला रुचत नाही हे खरं, पण झालेला कॅन्कर त्याने बरा होत नाही. आणि भांडं बघा. गॅल्व्हनाईज पत्र्याच्या भांड्यात व्हिनेगर टाकलं की जस्त सुटतं, विषबाधा. प्लास्टिक किंवा काचेचं, रोज घासून.

सदाशिव_टिपलर

बापरे, माझं पत्र्याचंच आहे. आज बदलतो.

गच्चीवाली

एक घरचं विचारू का. सासूबाईंना कोरडा खोकला आहे महिनाभर, जिना चढताना दम लागतो. त्या रोज सकाळी लॉफ्ट झाडतात, त्यांना फार माया आहे कबुतरांची. छातीच्या डॉक्टरांना कबुतरांचं सांगावं का? ते उगाच कबुतरं काढा म्हणतील अशी भीती वाटते.

डॉ_पिसारा

सांगा. आजच सांगा. कबुतरांच्या पिसाची भुकटी आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की फुप्फुसाला ॲलर्जीची सूज येते, पुढे फुप्फुस कडक होतं आणि ते परत येत नाही. दुसरं म्हणजे ऑर्निथोसिस, क्लॅमिडियाचा संसर्ग, त्यात कबुतराचा एक डोळा ओला, सुजलेला, आणि माणसाला ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला. त्याला औषध आहे, पण डॉक्टरांना कबुतरांचं माहीत नसेल तर ते साध्या न्यूमोनियाचं औषध देत बसतील.

सासूबाईंना झाडणं आजपासून बंद. जे झाडतील त्यांनी एन-९५ मास्क लावायचा, खरवडायच्या आधी स्प्रेच्या बाटलीने हलका फवारा मारायचा म्हणजे धूळ उडत नाही, आणि नंतर जागा लगेच वाळू द्यायची कारण ओल राहिली की कॉक्सी. लॉफ्टचे कपडे वेगळे.

गच्चीवाली

उद्याची अपॉइंटमेंट घेतली. सगळं सांगणार.

खडकी_लॉफ्ट

कसबेकर, कशी आहे मादी?

कसब्यातला_होमर

थोडं बरं आहे. आईने पितळी डब्यात दाणा खोल भरून ठेवला, त्यात ती डोकं घालून खाते, निम्मा उडवते पण पोट भरतं. बाकी वेळ कोपऱ्यात बसते, मान खांद्यावर. घसावाल्या पिल्लाचा गोळा बारीक झालाय, वासही गेला. डबी तपासून आणली, खालच्या चौघांना कॉक्सी भरपूर निघाला, जंत नाहीत, अँप्रोलियम चालू केलंय आणि बी-कॉम्प्लेक्स थांबवलंय. फळ्या जाळून झाल्या, पत्रा पुढे काढला. दाण्यातली मक्याची एक गोणी पण फेकली, भुसार बाजारातून आणलेली, हात घातला तर आत गरम लागत होती आणि कुबट वास, बुरशी आली असणार.

आता जे चांगले दिसतायत त्यांचं काय? लस आत्ता देऊ की थांबू? पाच वर्षांत कधी दिलीच नव्हती कुणी ह्या गच्चीवर, आमच्या आधी घरच्या काकांचं लॉफ्ट होतं तेव्हापासून.

डॉ_पिसारा

जे पूर्ण ठणठणीत दिसतात त्यांना आत्ताच द्या. ज्यांच्या अंगात विषाणू आधीच शिरलाय त्यातल्या काहींना लस देऊनही मान फिरेल, ते लसीमुळे झालं असं समजू नका. प्रत्येक पक्ष्याला नवीन सुई, ह्यात काटकसर नको, एकाच सुईने तुम्ही स्वतः विषाणू पसरवाल.

लसीबद्दल, कोंबड्यांच्या लासोटा लसीचे थेंब डोळ्यात-नाकात देतात, त्याने कबुतरात थोडंफार संरक्षण मिळतं पण फार टिकत नाही. मृत विषाणूची इंजेक्शनची लस कबुतरांसाठी जास्त भरवशाची. पाच आठवड्यांच्या पुढच्या पिल्लांना, पहिल्यांदा देत असाल तर तीन-चार आठवड्यांनी परत एकदा, मग दरवर्षी सीझनच्या आधी. डोस तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, कारण कोंबडीसाठी लिहिलेला डोस कबुतराला तसाच लागत नाही.

टोचायची जागा महत्त्वाची. कबुतराच्या मानेच्या कातडीखाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, डोक्याजवळ किंवा बाजूला टोचलं आणि ते फुटलं तर पक्षी मिनिटात जातो. मानेच्या मागच्या बाजूला, अगदी खाली खांद्यांजवळ, बरोबर मध्यरेषेवर. पिसं पाण्याच्या बोटाने बाजूला करा, कातडी चिमटीत उचला, तंबूसारखी उभी राहते, तिच्यात सुई पाठीकडे तोंड करून. बाटली वापरायच्या आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि हलवा. साठवण २ ते ८ अंश, फ्रीजरमध्ये गोठली की फेकून द्या.

आणि लस दिल्यावर लगेच उडवू नका. दोन-तीन आठवडे अंगाला वेळ द्या. डिसेंबरची पहिली रेस गेली तर जाऊ दे.

कसब्यातला_होमर

पहिली रेस सोडली. जानेवारीत संक्रांतीचा मांजा असतो, तेव्हा तसंही मी सोडत नाही, मागे एकाचा पंख खांद्यापासून कापला गेलेला बघितलाय. फेब्रुवारीत बघू.

अडचण अशी की बाटली मोठी येते, शेकडो डोसची. एकट्याला एवढी कशाला, आणि उघडल्यावर ठेवता येत नाही म्हणे.

हडपसरचा_पट्ठा

मला पाहिजे. माझे पण सगळे बिनलसीचे आहेत. आणि डॉक्सी थांबवतोय, आधी शीट तपासून घेतो ताईंनी सांगितलं तसं.

कोंढवा_रेसर

मी पण.

गच्चीवाली

आमचेही धरा, देवी आलेले सोडून. सासूबाईंचा एक्स-रे आणि श्वासाची टेस्ट सांगितलीये, डॉक्टर चांगले निघाले, कबुतरांबद्दल स्वतःहून विचारलं.

खडकी_लॉफ्ट

मी आणतो. थर्मास आणि बर्फाच्या पिशव्या आहेत माझ्याकडे. रविवारी सकाळी लवकर निघतो, आधी कोंढवा, मग हडपसर, मग धायरी. प्रत्येक ठिकाणी शर्ट बदलणार, चप्पल बाहेर, हात साबणाने. कुणाचाही पक्षी दुसऱ्याच्या लॉफ्टवर न्यायचा नाही, मीच येतो. रिंग नंबरची यादी तयार ठेवा आणि आदल्या रात्री पक्षी आत कोंडून ठेवा, पळापळ नको.

कसबेकर, तुझ्याकडे सगळ्यात शेवटी येतो, तिथून थेट घरी जाऊन अंघोळ. आईंना सांग निळीला त्या दिवशी खालीच ठेवायला.

कसब्यातला_होमर

सांगितलं. यादी करतोय.